तेरावी मात्रा

भाऊजी,

हे पत्र तुम्ही उघडाल, पहिल्या दोन ओळींतच कशाबद्दल आहे ते ओळखाल, आणि घडी घालून गाडीच्या खणात कोंबाल. मला ठाऊक आहे. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्हाला मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हापासून तुमचं हे तोंड लपवणं बघते आहे. तेव्हा तुम्हाला सांगण्यात वेळ घालवत नाही. तुमची गोष्ट सरळ चार लोकांनाच सांगते. तुम्ही हवं तर लांब उभे राहून ऐका, दुसऱ्याच कुणाची आहे असं समजून. गोष्टीत एक वहिनी येईल. तिच्या बडबडीकडे लक्ष देऊ नका. तसंही कधी दिलेलं नाहीत.

तर मास्तर. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शहराच्या या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनी शिकवली आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांचे विद्यार्थी कधी ना कधी घासून गेले आहेत. ठेंगणे, पोट सुटलेलं, टाळूवर केस विरळ पण मानेवर अजून लांब. मानेवरच्या या केसांबद्दल कुणी विचारलं की मास्तरांचा चेहरा उजळायचा. कारण मग सांगता यायचं की कॉलेजात आमचा बँड होता, मी बेस गिटार वाजवायचो, आणि आमची रेकॉर्डसुद्धा निघाली होती.

निघाली होती हे खरं. मुखपृष्ठावर खोल पाण्यात उतरणारा पाणबुड्या होता, म्हणून सगळे तिला पाणबुड्याची रेकॉर्ड म्हणत. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या जातीचं संगीत. म्हणजे गाणं एकच, पण रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारं. आणि ताल असा की नाचायला उठावं तर पाय एकमेकांत अडकावेत. मास्तरांचे थोरले भाऊ पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते, "अरे, बायको माहेरी जाऊन परत येईल, तरी तुमचं हे चालूच!" त्या काळी रेकॉर्ड विकली गेली नाही. बँड मोडला. पुढे किती तरी वर्षांनी जगभरातल्या काही वेड्या लोकांनी ती कुठून कुठून शोधून काढली, डोक्यावर घेतली, आणि मास्तरांना परक्या देशांतून फोन येऊ लागले.

पण मास्तरांच्या मनात एक सल होता, आणि तो ते मनात ठेवत नसत. रेकॉर्डवर त्यांचा बेस ऐकूच येत नाही. घोंगडं पांघरून कुणी तरी कण्हतंय, एवढंच कळतं. ऑर्गनचा खर्जातला डावा हात मात्र ढणढण वाजतो. आणि ही सगळी करणी, मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे, कानसेनची.

कानसेन म्हणजे ज्यांनी ती रेकॉर्ड ध्वनिमुद्रित केली ते. छापखान्यामागच्या एका खोलीत त्यांचा स्टुडिओ होता, भिंतींना जुन्या गाद्या बांधलेल्या. दारातून कोण आलं ते पाठ वळवूनही नुसत्या चपलेच्या आवाजावरून सांगायचे, म्हणून हे नाव. रेकॉर्ड निघाल्यावर रेडिओवर मुलाखत झाली. बेस का ऐकू येत नाही, असं विचारल्यावर मास्तर, म्हणजे तेव्हाचं उंडगं पोर, म्हणाले, "कानसेनना कान आहेत हो, पण ते चष्मा अडकवायला."

लोक खो खो हसले. वाक्य तोंडोतोंडी झालं. हळूहळू बँडची पोरं कानसेनांकडे जायची थांबली. कोण जाईल, चष्मा अडकवायच्या कानांकडे? गाद्या उतरल्या, खोली छापखान्याने कागद ठेवायला घेतली. कानसेन पुढे बसस्थानकावरच्या घोषणा ध्वनिमुद्रित करत आणि लोकांचे रेडिओ दुरुस्त करत. मास्तरांना त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. मास्तरांनी त्याचा अर्थ लावला, की द्यायला उत्तरच नसणार.

मग कंपनीचा फोन आला. पाणबुड्याच्या रेकॉर्डचा बॉक्स सेट काढायचा होता. मोठी जाड पेटी, आत धुऊनपुसून नव्याने तयार केलेल्या तबकड्या, पोस्टर, आणि फोटोंची चकचकीत पुस्तिका. शिवाय मूळ टेपवर प्रत्येक वाद्य वेगवेगळं होतं, ते सगळं उकलून पुन्हा नव्याने एकत्र बांधायचं होतं. या कामावरची मुलगी मास्तरांची मुलाखत घ्यायला आली. ड्रमवाला वारला होता, गिटारवाला परदेशात, ऑर्गनवाला बोलायला तयार नाही. तेव्हा मास्तर एकटेच पोटभर बोलले. चष्म्याचं वाक्यही पुन्हा बोलले, नव्या उत्साहाने. ते टिपून घेताना मुलगी हसली, म्हणून आणखी एकदा बोलले.

"एकच करा," निघताना ते तिला म्हणाले, "माझा बेस वर काढा. जगाला एकदा कळू दे, त्या माणसाने काय पुरून ठेवलं होतं ते."

"काढते की, काका," ती म्हणाली.

तिने नवं मिश्रण मास्तरांच्या फोनवर पाठवलं तेव्हा ते शिकवणीवर होते. स्टिअरिंगवर एक दाताची डॉक्टरीण बसली होती, पन्नाशीची, फार घाबरट. वळणावर तिने गाडी थेट भाजीच्या हातगाडीवर घातली असती. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक हळूच दाबला. गाडी थांबली.

"थांबवली ना मी वेळेत?" डॉक्टरीण घाम पुसत म्हणाली.

"वेळेत म्हणजे अगदी वेळेत," मास्तर म्हणाले. ब्रेक आपला होता हे ते कधीच सांगत नसत. सांगितलं की माणूस पुन्हा स्टिअरिंगला हात लावत नाही.

मग त्यांना राहवेना. "जरा आमची रेकॉर्ड ऐकू या का? तुम्ही सरळ चालवत राहा," म्हणून त्यांनी गाणं गाडीच्या स्पीकरवर लावलं.

बेस आला. घोंगडं दूर सारून, छाती काढून आला. मास्तरांच्या अंगावर काटा आला. ते डॉक्टरणीला बोटांनी मात्रा मोजून दाखवू लागले. सात आणि सहा, तेरा. "बघा हां, सम कुठे येते..."

सम आली, पण बेस आधीच येऊन उभा होता. तेरावी मात्रा त्याने खाल्ली होती. मग सगळे येईपर्यंत तो तिथेच घुटमळला, पाहुण्यांच्या आधी जेवायला बसलेल्या माणसासारखा. मास्तरांना वाटलं, एखाद्या वेळी झालं असेल. पुढच्या आवर्तनाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याला पुन्हा. गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू चाललं, आणि दर फेरीला बेस तेरावी मात्रा खाऊन उपाशी माणसासारखा पुढे धावला. मास्तरांची मोजणारी बोटं कधीच मांडीवर पडली होती.

"छान आहे हो," डॉक्टरीण म्हणाली. "ते मधे मधे अडखळतं ते मुद्दामच का?"

"गाडी बाजूला घ्या," मास्तर म्हणाले.

आणि गाडी बाजूला उभी असताना मास्तरांना गाद्या बांधलेली खोली आठवली. वाजवून झाल्यावर कानसेन काचेमागून बाहेर आले होते. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले होते, "आणखी एकदा घेऊ या का रे?" आणि मास्तर फणकारले होते, "का? माझं बरोबरच आहे." कानसेनांनी क्षणभर बघितलं होतं, आणि नुसतं "बरं" म्हणाले होते. मग आत जाऊन त्यांनी बेस खाली ओढला आणि त्या जागी ऑर्गनचा डावा हात वर केला. झाकलं. कुणाला सांगितलं नाही. रेडिओवर ते वाक्य ऐकल्यावरही नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बिचारी फार जपून बोलत होती. "काका, त्या तेराव्या मात्रेपाशी... म्हणजे, तुम्ही म्हणाल तर कॉम्प्युटरवर सरळ करून देते. कुणाला कळणार नाही."

"नको," मास्तर म्हणाले. "पूर्वी होतं तसंच असू दे."

"म्हणजे बेस खाली?"

"खाली."

"मग पुस्तिकेत तुम्ही जे बोललायत ते? पुस्तिका उद्या दुपारी छपाईला जातेय. बदलायचं असेल तर सकाळी फोन करा."

"करतो," मास्तर म्हणाले.

तिथून ते वहिनींच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. थोरले भाऊ गेल्यापासून मास्तरांची बसायची जागा तीच, फ्रिजशेजारचं स्टूल. सगळं सांगून झालं तेव्हा मान इतकी खाली गेली होती की वहिनींना नुसते मानेवरचे केस दिसत होते.

"मग आत्ता करा फोन," वहिनी म्हणाल्या.

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंत ते. वाक्य काढा म्हणावं. आणि चूक माझी होती, हे त्या जागी घाला."

"वहिनी, जगभर जाणार आहे ते. लोक काय म्हणतील? आयुष्यभर मी..."

"लोक काय म्हणतील ते त्या माणसाने इतकी वर्षं ऐकलंच की. तुमच्या वाट्याचं."

"तुम्ही फार सोपं करून बोलता."

"सोपंच आहे. अवघड तुम्ही आहात."

मास्तर उठले. सकाळी नक्की करतो म्हणाले. सकाळी त्यांनी शिकवणीला एक जास्तीची फेरी घेतली, मग दुसरी घेतली. फोन खिशात होता, चार्ज केलेला होता, चालू होता. दुपार झाली तशी पुस्तिका छपाईला गेली.

बॉक्स निघाला. देखणा निघाला. वर्तमानपत्रात आलं. मास्तरांच्या स्कूलच्या काचेवर पोस्टर लागलं आणि डॉक्टरीण पेढ्यांऐवजी दात घासायचा भारी ब्रश घेऊन अभिनंदनाला आली. मास्तरांनी पेटी घरी नेली आणि उघडली नाही. चष्म्याचं वाक्य पुस्तिकेच्या कोणत्या पानावर, ते त्यांना न उघडताही दिसत होतं.

मग एका दुपारी कानसेनांचा फोन आला. आवाज ओळखायला मास्तरांना वेळ लागला, आणि ओळखल्यावर बसायला खुर्ची सापडेना.

"अरे, कंपनीने मलाही एक पेटी धाडली," कानसेन म्हणाले. "सगळं ऐकलं. मनात धाकधूक होती बरं का. म्हटलं नव्या लोकांच्या हातात टेप गेली, आता बेस वर काढतील आणि पोराचं उघडं पाडतील. पण तू काही तसं होऊ दिलं नाहीस. माझं मिश्रण होतं तसं ठेवलंस. बरं वाटलं रे."

मास्तर "हो" म्हणाले.

"एक काम आहे. त्या पुस्तिकेतली अक्षरं आहेत मुंगीएवढी, मला काही दिसत नाही. लेक म्हणाली मी वाचून दाखवते. म्हटलं नको, त्यात मास्तर बोललाय माझ्याबद्दल, तर त्याच्याच तोंडून ऐकू. ये एकदा. रागावलास तेव्हापासून आला नाहीस."

"येतो," मास्तर म्हणाले. "गुरुवारी येतो."

हे सांगायला ते वहिनींकडे आले. "तुम्ही चला बरोबर. मी एकटा नाही जाऊ शकणार."

"येईन," वहिनी म्हणाल्या. "पण वाचायचं तुम्ही. जसं छापलंय तसं, एक शब्द न गाळता. आणि वाचून झालं की पुढचं तोंडी बोलायचं, जे छापलेलं नाही ते."

मास्तरांनी मान डोलावली. खरंच डोलावली, त्या दिवशी त्यांना ते करायचंच होतं, यात वहिनींना शंका नाही.

गुरुवारी ते शिकवणीची गाडी घेऊन आले. स्वच्छ शर्ट, मानेवरचे केस कापलेले. वाटेत वहिनींनी एकदा "वाचायला चष्मा आणलाय ना?" असं विचारलं आणि लगेच जीभ चावली. मास्तरांना लागलं ते लागलंच.

कानसेनांचं घर पहिल्या मजल्यावर, खिडकी रस्त्यावर. मास्तरांनी गाडी समोर लावली. इंजिन बंद केलं. खिडकीत कानसेन दिसत होते, वाळलेले, हात पुढे धरून चालणारे. त्यांनी एक खुर्ची ओढत खिडकीपाशी उजेडात आणली, हाताने चाचपून झटकली आणि तिच्या पाठीला उशी लावली. ती वाचणाऱ्यासाठी होती. मग आपल्यासाठी दुसरी आणली आणि तिच्या इतकी जवळ ठेवली की गुडघ्याला गुडघा लागावा. आणि बसले. कान खिडकीकडे करून बसले.

"चला," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "त्यांना चपलेवरून कळेल मी आलो ते," ते म्हणाले.

"मग कळू दे की!"

"वहिनी, आज नको."

"भाऊजी, माणूस खुर्ची मांडून बसलाय."

"पुढच्या आठवड्यात. शप्पथ. आज नको."

वहिनींनी दार उघडलं, एक पाय खाली टेकवला. पण पुस्तिका मास्तरांच्या मांडीवर होती, आणि ती दुसऱ्या कुणी वाचून उपयोग नव्हता. त्यांनी पाय आत घेतला. मास्तरांनी गाडी सुरू केली, आरशात बघितलं, विद्यार्थ्यांना शिकवतात तसं मागे बघितलं, इंडिकेटर दिला, आणि कसलाही धक्का न बसू देता गाडी रस्त्यावर घेतली. वरच्या खिडकीत कानसेनांनी इंजिनच्या आवाजाकडे मान वळवली.

पुढचा आठवडा आला आणि गेला. वाचायचं काम तसंच राहिलं.