ऊसतोडीला गेलेली फाईल

माझं डी.एड. आबांनी माझ्यापेक्षा जास्त मन लावून केलं, असं मी म्हटलं तर आमच्या घरात कुणी नाही म्हणणार नाही. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना अक्षरओळख नाही. धारूरच्या डोंगरकडेला आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, त्यात आबा आणि आई. मी शिकायची म्हणून मागे राहायची, आधी मावशीकडे आणि नंतर बीडला, चार मुलींच्या एका खोलीत.

डी.एड.ला सराव पाठ असतात. खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढे शिकवायचं आणि मागच्या बाकावर आपलेच प्राध्यापक वही घेऊन बसणार. पहिलीला दशक-एकक शिकवायचं होतं आणि त्यासाठी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हवे होते. पावसाळ्याचे दिवस, आबा घरीच होते. त्यांनी तुराट्या आणल्या, बोटाच्या मापाने एकसारख्या तोडल्या आणि सुतळीने गठ्ठे असे आवळून बांधले की बघत राहावं. मी सहज एक गठ्ठा मोजला तर अकरा काड्या. दुसऱ्यातही अकरा.

"आबा, दहा सांगितल्या होत्या ना?"

"मोळीत उसाचं एखादं टिपरू जास्तच असावं बाई. मुकादम नाव ठेवत न्हाई."

मी तापट आहे, तेव्हाही होते. "हे गणित आहे, ऊस नाही," म्हणत मी सगळे गठ्ठे सोडले आणि पुन्हा बांधले. आबा शेजारी बसून बघत राहिले. माझे गठ्ठे ढिले झाले होते. पाठ चांगला झाला आणि मी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी गल्लीत जाऊन चार जणांना सांगितलं.

डी.एड. झालं, पण भरतीचं नाव नव्हतं. आमच्याकडे म्हणायचे, गर्दीत दगड मारला तर तो डी.एड.वाल्यालाच लागतो. त्या गर्दीत मी होते. पात्रता परीक्षेत दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा थोडक्यात. एका खाजगी शाळेत शिकवायचं, संध्याकाळी क्लासला बसायचं, असं करत तिसऱ्या वेळी पास झाले. मग पुढची अभियोग्यता चाचणी दिली. गावात गेले की बाया विचारायच्या, "बाईची शाळा कवा भरती म्हणं?" मी हसायचे आणि आतून जळायचे. आबा मात्र खुशाल सांगायचे, "भरंल की. कागद सगळे तयार हायत."

ते कागद एका हिरव्या बटणाच्या फाईलमध्ये होते. दहावीपासूनची गुणपत्रकं, डी.एड.चं प्रमाणपत्र, पात्रता परीक्षेचं, जातीचं, सगळं मूळ. बीडच्या खोलीचा पत्रा गळायचा आणि मुली येत-जात असायच्या, म्हणून दिवाळीला मी फाईल घरी नेली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवली. झेरॉक्स तेवढ्या सोबत घेतल्या. आबांना सांगितलं, "हिला जपा."

आता ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला जपा म्हटलं तर तो काय करतो? तो ती वस्तू बरोबर घेतो. आमच्यात तीच रीत आहे. धान्य, अंथरूण, शेळी, जे मोलाचं ते सगळं गाडीत चढतं आणि कुलूप लावून मागे राहतं ते बिनकामाचं. आदल्या वर्षी आमच्याच गल्लीत बंद घर फुटलं होतं. मी शिकलेली, मला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

माघ महिन्यात माझं नाव निवड यादीत लागलं. मंगळवारी दुपारी मोबाइलवर निरोप आला की गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत बीडला मूळ कागदपत्रांची पडताळणी. मी तशीच एस.टी.ने गावी गेले. कुलूप काढलं तर पेटीच्या जागी जमिनीवर नुसता चौकोनी डाग. आबांना फोन लावला.

"फाईल? माझ्यापाशी हाय की. कोपीत आढ्याला टांगून ठेवलीय, उंदीर न्हाई लागत. लई जपलीय बाई."

त्यांचा आवाज शाबासकीची वाट बघत होता. मी म्हणाले, "आबा, ती परवा बीडला पाहिजे." उसाचा फड कोल्हापूरच्याही पलीकडे होता. मी निघते म्हणाले तर ते म्हणाले, "तू कुठं हुडकतीस, फड रोज हालतोय. मीच येतो. उद्या सकाळीच निघतो."

गुरुवारी मी सकाळी दहापासून पडताळणीच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात उभी होते. माझ्यासारख्या पोरी आपापल्या फायली छातीशी धरून आत जात आणि हसत बाहेर येत. टेबलामागचे गृहस्थ भले होते. त्यांनी माझा नंबर शेवटी टाकला, मग आणखी शेवटी टाकला. आबांचा फोन बंद होता, चार्जिंग संपलं असणार. पाच वाजले. साडेपाचला त्या गृहस्थांनी यादीवर सही केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मूळ कागदाशिवाय मला काही करता येत नाही, बाळ."

आबा आले तेव्हा शिपाई दारं लावत होता. अंगात तोच फडातला सदरा, बाह्यांना उसाचं टोचरं कूस. खताच्या पिशवीत, तिच्या आत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली फाईल त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. एका कागदालाही दुमड नव्हती.

"बघ, कोरडी हाय ना?"

आणि मी सुटले. व्हरांड्यात अजून दहा-बारा माणसं होती, त्यांच्यादेखत. "काय करू आता हिचं? कशाला नेली तुमी? कुणी सांगितलं होतं? सकाळी निघतो म्हणालात, मग कुठं बसला होता? अडाणी ते अडाणीच राहिलात. तुमचा हात लागला की कागदाचं वाटोळंच."

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने बोलले. आबांनी फाईल माझ्या हातात ठेवली. फडकं घडी करून खिशात घातलं. मग म्हणाले, "तुजी आय एकटी हाय तितं. निघतो." ते स्टँडकडे चालत गेले आणि मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

दोन दिवसांनी आईने फोनवर सांगितलं. बुधवारी सकाळी मुकादम आबांना सोडायला तयारच नव्हता. आगाऊ पैसे घेतलेला गडी हंगामाच्या मध्यात एकटा निघाला की पळाला असंच समजतात. गाडी भरून द्या, मग जा, म्हणाला. आबांनी आणि आईने मिळून दोन कोयत्यांचं, म्हणजे दोन जोड्यांचं, काम मध्यरात्रीपर्यंत उरकलं आणि आई तिथेच राहील या बोलीवर त्यांना सोडलं. "तोंडात घास घातला न्हाई त्यांनी," आई म्हणाली. "फाईल छातीशी धरून गेलते. आल्यावर इचारलं, काम झालं का, तर म्हणले, माझ्यामुळं ऱ्हायलं."

त्यांनी माझं बोलणं आईलाही सांगितलं नव्हतं. मी फोन ठेवून खोलीत तोंड दाबून रडले. पण त्यांना फोन केला नाही. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा राग अजून होता.

पुढची भरती यायला लई काळ गेला. आबा घरी असायचे, बोलायचे, जेवायला बोलवायचे. फक्त माझ्या परीक्षांचं काही विचारायचे नाहीत. फॉर्म भरताना मी कागद पसरून बसले की ते उठून अंगणात जायचे. मला वाटायचं, विसरले असतील. सोयीचं होतं तसं वाटून घेणं.

मग निवड झाली, पडताळणी झाली, नांदूरघाटकडची एक शाळा मिळाली. नेमणुकीचा आदेश हातात पडला तशी मी पहिल्या गाडीने घरी आले. आई रडली, तिने साखर वाटली. आबा ओट्यावर बसले होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"घ्या आबा. बघा तरी."

त्यांचा चेहरा फुलला होता, डोळे भरले होते. त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. मग ते मांडीखाली दाबून घेतले.

"आबा, त्या दिवशी मी फार वाईट बोलले," मी म्हणाले.

"असू दे गं," ते म्हणाले. "तूच धर बाई. मला हितून दिसतंय."