फिरंगी राजाची फ्रेम

बहारीनला तुबली गावात एका फ्रेमिंगच्या दुकानात मी मामूंच्या हाताखाली होतो. मला रत्नागिरीहून त्यांनीच आणलं. नव्वदीच्या दशकातले ते दिवस वाईट होते. राजवटीविरुद्ध गावागावांत टायर जळत, रस्त्यावर पोलिसांच्या जीप, आणि आम्ही परदेशी माणसं खोकतानासुद्धा आजूबाजूला बघायचो. त्यातच मामूंचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. नाही झाला तर उतारवयात गावी परत. आणि गावात फ्रेम करण्यासारखं असतं काय कोणाकडे?

एक इंग्रज साहेब युरोपातली जुनी छापील चित्रं फ्रेमला आणायचा. तीनशे वर्षांपूर्वी तिथले चित्रकार म्हणे राजांची अशी टर उडवायचे. त्यातलं एक बघून आम्ही पोट धरून हसलो. लठ्ठ राजा सिंहासनावर, केसांचा टोप डोळ्यांवर घसरलेला, मांडीखाली दडवलेली प्रजेच्या पावांची टोपली, आणि दरबारी त्याच्या ढुंगणाला वारा घालतायत.

काम पुरं झालं की फ्रेम दारासमोरच्या भिंतीवर टांगायची, ही मामूंची रीत. गिऱ्हाइकाने आत पाय टाकताच बघितली पाहिजे. त्या भिंतीवर देशाच्या राज्यकर्त्यांची तसबीर होती, दुकानादुकानात असते तशी. तिच्या शेजारचा खिळा रिकामा होता, मामूंनी तिथे टांगली. त्यांचं लक्ष फक्त फ्रेमच्या कोपऱ्यांवर.

अरब गिऱ्हाइकं आली, गेली. कुणी हूं की चूं केलं नाही. मालक बहारिनी, त्यानेही पाहिलं, "फिरंगी?" म्हणून विचारलं आणि हसला. खटकलं ते आमच्या अकाउंटंटला. आपलाच, मुंबईचा माणूस. मालकाला बाजूला घेऊन म्हणाला, "लोक म्हणतील, दुकानाने मुद्दाम शेजारी लावलं." साऱ्या बहारीनमध्ये कुणाच्या मनात आलं नव्हतं ते याच्या मनात आलं, आणि इमानी ठरला तोच! मालक घाबरला. घाबरलेला मालक कुणाला काढतो हे सांगायला नको. "व्हिसा मफी, खलास," म्हणजे व्हिसा नाही, संपलं, एवढंच त्याने मामूंना सांगितलं.

मी अकाउंटंटला जाब विचारला. "अरे, मी सगळ्यांचंच भलं बघितलं," तो म्हणाला. त्याचं भलं झालं, यात शंका नाही. पुढे कित्येक वर्षं त्याच खुर्चीत बसून होता.

साहेब फ्रेम न्यायला आला. काम बघून खूश झाला. मामूंचं कळल्यावर "अरेरे" म्हणाला आणि पुढची चित्रं कोण करणार, ते विचारलं. मी म्हटलं, मीच करीन. मग न राहवून विचारलं, "हे चित्र काढणाऱ्याचं काय झालं?"

"काही नाही. शेजारच्या देशात पळाला. राजाच्या हाती लागलाच नाही. म्हातारा होऊन घरच्या बिछान्यात मेला."

मुहर्रकला एअरपोर्टवर मामूंना सोडताना ते मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे.

"सुटला ना? बरं झालं," मामू म्हणाले आणि बॅग उचलून आत गेले.

मला मात्र त्या मेलेल्या चित्रकाराचा असा राग आला, की तो अजून गेलेला नाही.