करारातलं नववं कलम आणि मला दिलेली ती एक ओळ

गेल्या महिन्यात साकीनाक्याला एका ऑफिसात गेले होते. भांडायलाच गेले होते म्हणा ना…

मी नाहूरला राहते, घरूनच इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. बँकेचे फॉर्म, मशीनची माहितीपत्रकं, सोसायट्यांचे नियम… कंटाळवाणी पण सरळ कामं. या वेळी आला तो तंबाखूच्या करार शेतीचा मसुदा. कंपनी आणि शेतकरी यांच्यातला करार, बारा पानी इंग्रजी. शेतकरी कर्नाटक सीमेकडचे, मराठी वाचणारे.

तंबाखू म्हटल्यावर आधी नाहीच म्हणणार होते. माझा मामा तोंडाच्या कॅन्सरने गेलाय. पण मग वाटलं, पिकवणाऱ्याला आपण कशावर सही करतोय हे कळलं तर त्यात वाईट काय… घेतलं काम.

आठ कलमं सरळ गेली. बियाणं कंपनी देणार, कंपनीचा माणूस शेतावर येऊन बघणार, पानं कशी वाळवायची ते सांगणार. नवव्या कलमाशी अडले.

सगळा माल याच कंपनीला द्यायचा. दर्जा कंपनी ठरवणार. दर्जात न बसलेला माल कंपनी नाकारू शकते, पण तो नाकारलेला मालही कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. म्हणजे आम्ही घेणार नाही आणि तुम्ही दुसरीकडे द्यायचा नाही… मी तीनदा वाचलं.

बाजूला सूचना होती, हे कलम मराठीत एका ओळीत घ्यावे. ओळही तयार दिली होती. 'कंपनी शेतकऱ्याचा माल खरेदी करील.'

काम ज्या एजन्सीकडून आलं तिथे सचिन नावाचा माणूस होता (नाव बदललंय). त्याला फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, यावर मेल नका करू. फोनवरही नको. ऑफिसला या ना."

माझा संशय तिथेच पक्का झाला. ज्याला लिहायचं नसतं त्याला काहीतरी लपवायचं असतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. नवरा म्हणाला, "तुझं काम भाषांतराचं, वकिलीचं नाही. सोड." मी दुसऱ्याच दिवशी रिक्षा केली.

खाली लेथ मशीनचे गाळे, वर हे ऑफिस. सचिन तिशीतला, शर्ट नीट इन केलेला. मी बसल्यावर त्याने उठून केबिनचं दार लावलं. मी पर्स मांडीवरच ठेवली…

"ती ओळ माझी नाही," तो म्हणाला. "वरून, कंपनीकडूनच आलीय. मागच्या हंगामातही होती." आणि त्याने जुनी मराठी प्रत पुढे सरकवली. तीच ओळ, शब्दन्शब्द. आधीच्या भाषांतरकाराने काही विचारलंच नव्हतं.

मग म्हणाला, त्याचं गाव तिकडचंच. "पूर्वी दोन-तीन व्यापारी दारात यायचे. एकाशी नाही पटलं तर दुसरा. आता करार झाला की एकच गिऱ्हाईक. मागच्या वर्षी माझ्या काकांचा माल नाकारला. ते दुसऱ्याला द्यायला गेले, तर त्यांना इंग्रजी कागद दाखवला. काका म्हणत राहिले, मराठीत तर घेऊ असं लिहिलंय…"

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोललो तर नोकरी जाईल, मॅडम. पण भाषांतर करणाऱ्यानेच लेखी नकार दिला तर तो पुढे जातोच. फक्त एकट्या मला नका पाठवू, मला तो मेल दाबून टाकायला सांगतील. कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला सीसी करा."

परत येताना रिक्षात डोक्यात चक्र सुरू होतं. काका खरंच आहेत का? की माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून याला ऑफिसातलं कसलं तरी राजकारण करायचंय? ठरवता येईना. पण तो खरा असो की खोटा, ती ओळ तर खोटीच होती ना… घरी येऊन मेल केला. हे भाषांतर नाही, मी यावर माझं नाव देणार नाही. लीगलला सीसी.

आठवड्याने उत्तर आलं, कलम पूर्ण घ्यावे. मी खूश. मग खाली पाहिलं. शेवटी एक नवं कलम आलं होतं… दोन्ही प्रतींत फरक आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरली जाईल.

तेही मराठीत लिहिलं. सरळ, कुणालाही कळेल असं.

परवा सचिनचा गावाहून फोन आला. गावात सह्यांसाठी बैठक झाली होती आणि नववं कलम मोठ्याने वाचल्यावर बऱ्याच जणांनी पेन खाली ठेवलं. काहींनी मात्र केली सही, कारण दुसरा व्यापारी आता तिकडे फिरकतच नाही. "काकांशी बोला," म्हणाला आणि फोन दिला.

"ताई, नातीकडनं समदा कागद वाचून घेतला बघा. सही केली न्हाई अजून. कंपनीवाल्यास्नी म्हटलं, तुमी घेनार न्हाईसा, तर सोडा की आमाला."

पुढे काय होईल ठाऊक नाही, कंपनीचं उत्तर आलेलं नाही. फोन ठेवल्यावर सवयीने मनात आलं, हे काकाच कशावरून? आणि माझी मलाच लाज वाटली.

नववं कलम मी चार वेळा खोडून लिहिलं होतं. त्यांच्याइतक्या सोप्या मराठीत मला नव्हतं जमलं…