मास्तरांचा नवा ओठ

कपडे शिवणाऱ्याला सगळेच मास्तर म्हणतात, तसं यांनाही म्हणत. पण हे जरा तोऱ्यातले मास्तर. दुसऱ्याच्या शिवणीला नाक मुरडल्याशिवाय यांना चैन पडत नसे. खालच्या ओठात तंबाखूची चिमूट आणि त्यावर टाचण्यांची रांग, अशी उभी हयात गेली. बायको कानीकपाळी ओरडली. मास्तरांनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं.

मग त्याच ओठात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ओठ कापला आणि दोन्ही गालांचं मांस सरकवून नवा बेतला. आरशात बघून मास्तर एवढंच म्हणाले, "शिवण बरी आहे, घेर कमी पडला." बायको हसली. मास्तर मात्र त्या दिवसापासून मास्क लावून दुकानात पडद्याआड बसू लागले. नव्या ओठाला स्पर्श कळत नसे. लाळ गळली की ती समोरच्याच्या नजरेवरून कळायची, आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपल्याच हातानं ओढवून घेतलेलं, सांगायचं तरी कुणाला? लेकीच्या लग्नालाही येणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. "लोक नवरीला सोडून माझं तोंड बघतील."

लग्नाचा पोशाख अंगाला बसतो का बघायला लेक पडद्याआड आली. खांदा सैल होता. मास्तर कामात रंगले, मास्क खाली ओढला आणि सवयीनं टाचण्या ओठात धरल्या.

"बाबा, रक्त!"

टाचणी ओठात रुतली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. फिक्या रेशमावर लाल थेंब पडला होता. मास्तरांनी टाचण्या काढून ठेवल्या आणि हात मास्ककडे गेला. "नासवला मी तुझा पोशाख. म्हणूनच म्हणतो, मला कुठं नेऊ नका."

"डाग ओला आहे तोवर थुंकी लावा," लेक म्हणाली. "आपलं रक्त आपल्याच थुंकीनं निघतं, हे मला कुणी शिकवलं?"

मास्तरांनी दोऱ्याचा गुंडा तोंडात भिजवला आणि डागावर टिपू लागले. लाळ हनुवटीवरून ओघळली, पुसायला हात मोकळा नव्हता. लेक आरशातून सगळं बघत होती. त्यांना मान वर करवेना. डाग हळूहळू फिकटला, मग दिसेनासा झाला.

"येईन," ते पुटपुटले. "पण अगदी मागं बसेन."

"मागून खांदा कसा बसलाय ते दिसेल का तुम्हाला?"

मास्तरांनी बाहीनं हनुवटी पुसली. मग खाली बघतच म्हणाले, "रुमाल जास्त घ्यावे लागतील."