मास्तरांइतका पगार

मुलींच्या शाळेत मी लागले तेव्हा नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. माहेरी आई, मी आणि शिकणारे दोन भाऊ. पगार बावीस रुपये. चार वर्षं मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग शाळेत एक नवे मास्तर आले. माझ्याइतकंच शिकलेले, वर्ग माझ्या शेजारचा. पगाराची सही करताना त्यांच्या नावापुढचा आकडा दिसला. तीस.

तिसऱ्या दिवशी मी शाळेच्या कमिटीच्या सेक्रेटरींच्या घरी तीस मागायला गेले. ते वकील होते, मनाने वाईट नव्हते. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, मास्तरांना संसार आहे."

"घरी तीन माणसं माझ्या पगारावर जेवतात."

"ते खरं. पण बाईमाणसाला तीस दिले तर कमिटी मलाच विचारणार."

"मग कमिटीपुढे मीच येते."

त्यांनी कप खाली ठेवला. कमिटीपुढे कुणी बाई कधी आली नव्हती. तरी पुढच्या सभेला या, म्हणाले.

आई ऐकून घाबरली. "आहे ती नोकरी घालवून बसशील." भीती मलाही होतीच. सभेच्या सकाळी शाळेच्या शिपायाने निरोप आणला, "बाई, तुमाला वर बोलावलंय," तेव्हा मुलींना पाढे लिहायला सांगून मी जिना चढले.

वर पाच गृहस्थ आणि हेडमास्तर. बसा कुणी म्हणालं नाही. मी उभ्यानेच सांगितलं, की काम सारखं आहे तर पगारही सारखा असावा. नवी पेठेतले एक कापडव्यापारी म्हणाले, "तुमचं असं विशेष काय?"

आमचं घर तेलुगू विणकरांच्या गल्लीत. तेलुगू मी लहानपणापासून बोलते. मी म्हणाले, "मी आले तेव्हा वर्गात तेलुगू घरांतल्या तीन मुली होत्या. आज एकोणीस आहेत. त्यांच्या आयांशी जाऊन कोण बोललं, हे हेडमास्तरांना विचारा."

हेडमास्तर म्हणाले, "बाईच गेल्या होत्या." एवढंच, पण तेवढं ते बोलले.

कमिटीने सव्वीस देऊ केले आणि वर अट घातली, की दर रविवारी मी घरोघर फिरून मुली आणाव्यात.

"मास्तरांनाही हे रविवारचं काम आहे का?" मी विचारलं.

व्यापारी मोठ्याने हसले. शेवटी अठ्ठावीस ठरले, रविवार सुटला. उरलेले दोन राहिलेच. ठरलेलं लिहून मात्र मी तिथेच घेतलं.

नव्या मास्तरांचा पगार मी सभेत काढला म्हणून ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी त्यांच्या वर्गातल्या मुलीची आई रडत आली. तिचं तेलुगू त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मुलीचं लग्न ठरत होतं. आईला ते इतक्यात नको होतं. संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. मास्तर बापाशी बोलत राहिले, मी त्यांचं म्हणणं तेलुगूत सांगत राहिले. बाप थांबायला कबूल झाला, तो फक्त चौथीची परीक्षा होईपर्यंत.

ती मुलगी चौथी पास झाली. उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं.