घुमीचं पहिलं गाणं

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी गारठा. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलून घेतला, गळती थांबली. मुलाचा फोन आला, पण माझ्याशी न बोलता तो घुमीशीच बोलला, तेही चढ्या आवाजात. ती अर्धा चहा टाकून कामावर गेली. जाताना म्हणाली, दुपारी सेंटरवर ये. कान तर मागच्याच महिन्यात तपासले!

एवढं लिहून मावशीनं वही मिटली, तेव्हा घुमी बसमध्ये दांडी धरून उभी होती.

घुमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आई गेल्यावर शाळकरी वयात ती मावशीकडे राहायला आली. दिवस दिवस तोंडातून शब्द काढायची नाही. मावसभावानं चिडवायला हे नाव ठेवलं, ते चिकटलं. पुढे ती कान तपासायच्या केंद्रात नोकरीला लागली. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. आवाज ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, की बाहेर घुमीच्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. म्हातारी माणसं तिच्यावर खूश असत. ती कधी ओरडायची नाही. समोर तोंड करून सावकाश बोलायची.

घरी आली की जुना लॅपटॉप उघडून बसायची. वाद्य एकही वाजवता येत नव्हतं. फ्रिजची गुणगुण, लिफ्टचा खडखडाट असलं काहीबाही टिपायचं आणि त्याचा सूर खेचत खेचत खाली न्यायचा, इतका खाली की कानाआधी छातीला कळावं. त्यावर पत्र्याचं दार कुणी मुठीनं ठोकतंय असा ठेका, आणि वर तिचा स्वतःचा कुजबुजता आवाज. काळंकुट्ट संगीत. मावशी दाराबाहेरून म्हणायची, "अगं, दिवा तरी लाव!"

चाळिशीला टेकलेल्या या बाईचं पहिलं गाणं आज संध्याकाळी इंटरनेटवर येणार होतं. गाणारीचं नाव घुमी, गाण्याचं नाव 'घरघर'. आणि त्या गाण्याच्या तळाशी काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा, श्वास होता. त्यांच्या शेवटच्या आजारपणात घुमीनं उशाशी फोन ठेवून तो टिपला होता.

काल तिनं गाणं मावसभावाला ऐकायला पाठवलं. त्याचं उत्तर आज सकाळी फोनवर आलं होतं.

"बाबांची घरघर विकायला काढलीस?"

"विकत नाहीये, दादा. फुकट आहे."

"वा! म्हणजे फुकट वाटतेस. आईला विचारलंस?"

तिनं अर्धा चहा तसाच ओट्यावर ठेवला.

"वाटलंच मला. आता बोल की घुमे, गाण्यात बरं तोंड उघडतं! आईला न विचारता हे बाहेर गेलं, तर परत मला दादा म्हणू नकोस."

विचारायला तर हवंच होतं. इतके दिवस धीर झाला नव्हता, एवढंच. मावशी नाही म्हणाली तर गाणं मागे घ्यायचं, हे बसमधून उतरता उतरता तिनं ठरवून टाकलं.

दुपारी मावशी चापूनचोपून भांग काढून, पर्स छातीशी धरून आली.

"मळ झालाय का गं कानात? सांगायचंस, साफ करून आले असते."

"कान नाही तपासायचे. आत बस तू."

मावशी खुर्चीत बसली आणि सवयीनं कानांतली यंत्रं काढून तिनं डबीत ठेवली. घुमी हेडफोनची वायर सोडवत, खालमानेनं भराभर बोलत सुटली. "मावशी, हे माझं गाणं आहे. यात काकांचा श्वास आहे, आजारातला. नको वाटलं तर बटण दाब. मी लगेच बंद करीन आणि ते बाहेर जाणार नाही. कळलं?"

मावशीनं मान डोलावली.

घुमी बाहेर येऊन टेबलाशी बसली. गाणं सुरू केलं. काचेपलीकडे मावशीचे डोळे मिटलेले. पहिले ठोके गेले. मग खालून श्वास वर आला.

हिरवा दिवा लागला.

घुमीनं गाणं थांबवलं. एवढ्यातच? पुरतं ऐकूनही नाही? पण बोलल्याप्रमाणे वागायला हवं होतं. तिनं कॉम्प्युटरवर गाण्याचं पान उघडलं. 'मागे घ्या' लिहिलेलं होतं, त्यावर बाण नेला. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"बंद का केलंस गं?" दार ढकलून मावशी विचारत होती.

"तू बटण दाबलंस."

"काय?"

"बटण! दाबलंस!"

"मग? ऐकू आलं म्हणून दाबलं. तूच ना शिकवलंस?"

घुमीची नजर डबीकडे गेली. जे सांगायचं ते यंत्रं काढण्याआधी सांगा, म्हणून ती नव्या मुलींना रोज दरडावायची. तिनं कपाळावर हात मारला. यंत्रं पुन्हा मावशीच्या कानांत बसवली, समोर स्टूल ओढलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सावकाश, तोंडाकडे बघून.

मावशीचा चेहरा कठोर झाला. "म्हणून सकाळी ती आरडाओरड."

"हो."

मावशीनं पर्सची चेन पुढे-मागे केली. "पहिल्यापासून लाव. आणि ते बटण तुझ्याकडे ठेव, माझ्या हाताला खोड आहे."

या खेपेला गाणं शेवटपर्यंत वाजलं. काचेतून घुमीला काहीच उमगेना. मावशी रडली नाही, हलली नाही. मध्येच तेवढी तिनं मान किंचित तिरकी केली.

"नाव काय म्हणालीस?" यंत्रं चढवून तिनं विचारलं.

"घरघर."

"चुकलंय."

हेडफोन खुंटीला अडकवता अडकवता घुमी वळली.

"घरघर लागली तेव्हा तू इथं कामावर होतीस. मी होते त्यांच्याजवळ. तो आवाज असा नसतो. हे घोरताहेत. दुपारचे जेवून पडलेत. मध्ये हिसका बसतो ना, तो कूस बदलतानाचा. जन्मभर शेजारी झोपले मी, मला ओळखू येणार नाही?"

मरण टिपलंय या समजुतीनं घुमी कितीतरी संध्याकाळी त्या आवाजावर झुकून बसली होती. तिला हसावं की रडावं कळेना.

"मग... काढून टाकू?"

"कशाला? लग्नापासून मी सोसलं ते घोरणं, आता लोकांनी सोसावं थोडं."

"आणि नाव? 'घोरणं' करू?"

"वेडी आहेस का? एवढं भुताटकीसारखं गाणं, आणि नाव घोरणं! हसतील लोक. राहू दे ते. कुणाला काय वाटायचं ते वाटू दे. हे झोपलेत, मला माहीत आहे." मग तिनं हात पुढे केला. "फोन लाव तुझ्या दादाला."

फोन लागला. "तुझे बाबा घोरताहेत त्यात... अरे, घोरताहेत!... हो, ऐकलं मी, सगळं ऐकलं... तुला नसेल ऐकायचं तर नको ऐकू. पण सकाळच्या त्या आवाजात तिच्याशी पुन्हा बोलायचं नाही. ती माझी आहे."

"काय म्हणाला?" घुमीनं विचारलं.

"रडतोय. रडू दे."

संध्याकाळी ठरल्या वेळी गाणं बाहेर पडलं. घुमी फोन पालथा घालून समोर बसून राहिली, उचलून बघायचा धीर होईना. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मावशी वहीत लिहीत होती:

साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या. उद्या उन्हात ठेवायचा.