चिंधीताईचं कापड

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या वाचनालयात सगळे म्हणतात. असतोच. सत्तावीस वर्षं लोकांना ‘पानं दुमडू नका’ सांगणाऱ्या ग्रंथपाल बाईच्या नाकावर दुसरं काय असणार? पण यंदा जे झालं त्याने कुणाचंही डोकं फिरलं असतं. ज्याचं फिरलं नसतं त्याने माझ्याकडे पुस्तक मागायला येऊच नये.

गोष्ट माझी नाही, चिंधीताईची. वाचनालयाच्या दारासमोर रस्ता ओलांडला की तिचं शिवणाचं दुकान. दुकान म्हणायचं आपलं. जिन्याखालची खोली, तिच्यात एक मशीन, कापायला एक फळी आणि भर दुपारीही लावावा लागणारा दिवा. नाव गल्लीने ठेवलेलं, कारण ती बोटभर तुकडासुद्धा टाकत नाही. फळीखाली चिंध्यांची गाठोडी, माळ्यावर गाठोडी, बसायचं स्टूलही गाठोड्यावर. कुणी थट्टा केली की म्हणते, हसा, तुमच्याच पँटी आहेत त्यात.

तिचा नवरा काम शोधायला दुसऱ्या शहरात गेला. त्याला काम सापडलं की नाही कोण जाणे, घर मात्र परत सापडलं नाही. मुलगी तेव्हा दुसरीत होती. ताई रडली असेल तर कुणाला दिसेल अशी रडली नाही. बाजारातल्या एका मोठ्या दुकानाचे शर्ट डझनाने शिवायला घेतले आणि मुलीला नर्स केलं. दुकानदार कापडाबरोबर लेबलांचं पाकीट पाठवायचा. कॉलरच्या आत ते लेबल लावलं की शर्ट त्या दुकानाचा झाला. शिवण हिची, नाव त्याचं. मी एकदा त्यावरून चिडले तर तिने मलाच गप्प केलं. म्हणाली, धंद्यात असंच असतं, तुम्ही तरी कुठे पुस्तकं लिहिता?

आमची ओळख रद्दीमुळे. कापडावर कात्री चालवण्याआधी ती वर्तमानपत्रावर माप काढून कागद कापते, म्हणून जुने अंक माझ्याकडून न्यायची. बदल्यात वाचनालयाचे फाटके पडदे शिवून द्यायची. एकदा अंक घेऊन मीच गेले, तर मशीनवर धूळ बसू नये म्हणून तिने काहीतरी पांघरलेलं. मी ते उचललं आणि बघतच राहिले. आमची सगळी गल्ली होती त्यात, निव्वळ तुकड्यांची. पोस्टाची पेटी पोस्टमनच्या विटलेल्या पँटची, दवाखाना डॉक्टरांच्या जुन्या पडद्याचा, सायकल दुरुस्तीवाल्याचं दार त्याच्याच तेलकट एप्रनचं. वरचं आकाश म्हणजे तिच्या मुलीचे दहा वर्षांचे शाळेचे गणवेश, धुऊन धुऊन प्रत्येकाचा निळा वेगळा झालेला. आठ फूट लांब, पाच फूट रुंद. दुपारी गिऱ्हाईक नसताना नऊ वर्षं शिवत होती. कशासाठी, विचारलं. हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडे चालतं, म्हणाली.

मी म्हटलं, हे आमच्या भिंतीवर द्या. खरं सांगायचं तर वाचनकक्षातल्या मोठ्या भिंतीला ओल आली होती आणि ती झाकायलाही काहीतरी हवं होतं. ताई द्यायला तयार होती, कायमची देऊन टाकायला नाही. तीन महिन्यांसाठी म्हणाली.

आता आमच्याकडे पुस्तकं घ्यायचे, द्यायचे, हरवायचे, सगळ्याचे छापील फॉर्म आहेत. भिंतीवर लावायला कुणी काही उसनं दिलं तर काय, याचा फॉर्म नाही. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची लेखी संमती मात्र लागते. मग मी सवयीने वाचकाचं कार्ड काढलं आणि भरलं. देणाऱ्याच्या जागी ताईचं नाव, वाचकाच्या जागी ‘वाचनालय’, मुदत तीन महिने. म्हणजे वाचनालयच वाचक झालं! कार्डाच्या पाठीवरचे नियम तसेच राहिले, छापील होते. पुस्तकं बांधणारा आमचा बाइंडर हसून हसून खोकला. मी ते कार्ड सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवलं आणि मंडळाच्या अध्यक्षांनी नेहमीसारखं न बघता त्यावर सही ठोकली.

कापडाखाली मी पुठ्ठ्याची पाटी लावली. ताईचं पूर्ण नाव, त्याखाली ‘शिवणकाम, नऊ वर्षं’. ती आली, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. पूर्ण लिहिलंत, म्हणाली. मी म्हटलं, मग काय अर्धं लिहू? त्यानंतर ती रोज दोन वाजता यायची, पाटी वाचायची आणि जायची. कापडाकडे ढुंकून बघायची नाही. कापड मला पाठ आहे बाई, म्हणायची. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने रोज रस्ता ओलांडून स्वतःचं नाव वाचायला यावं, याचं मला हसू यायचं, आणि पाटीवरची धूळ मी रोज पावणेदोनलाच पुसून ठेवायचे.

लोक यायला लागले. पोस्टमनने आपली पँट ओळखली आणि सगळ्यांना दाखवली. कधी पुस्तकाला हात न लावणारी माणसं कापडात आपला तुकडा शोधता शोधता सभासद झाली. वर्तमानपत्रात फोटो आला. आणि फोटो आला म्हटल्यावर आमचे अध्यक्षही आले.

अध्यक्ष म्हणजे आधीच्या अध्यक्षांचे चिरंजीव. महिन्यातून एकदा बैठकीच्या चहाला येतात. ते थेट ताईच्या दुकानात गेले. कापड मी विकत घेतो, म्हणाले, किंमत तुम्ही सांगाल ती, आणि माझ्या वडिलांच्या नावाने वाचनालयाला भेट देतो. शिवाय वाचनालयाचे सगळे पडदे आणि त्यांच्या कारखान्यातल्या कामगारांचे गणवेश तुम्हीच शिवा. कापड भिंतीवरून हलणार नाही, फक्त पाटी बदलेल. पितळेची पाटी तयार होऊनही आली होती. वर वडिलांचं नाव, खाली ‘सप्रेम भेट’ आणि ह्यांचं नाव. ताईचं नाव कुठे? तर कापडाच्या मागच्या बाजूला लिहू!

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. मला वाटलं, ती पितळेची पाटी घेऊन... जाऊ दे. पण ताईची गोष्ट वेगळी होती. बाजारातल्या दुकानाने मोठ्या शहरातून तयार शर्ट आणायला सुरुवात केली होती. तिचं काम निम्म्यावर आलं होतं. कारखान्याचे गणवेश म्हणजे तिची म्हातारपणाची काळजीच मिटली असती. ती मला विचारायला आली, बाई, काय करू? माझ्या जिभेवर सगळं होतं. पण चूल तिची, मी कोण सांगणार? मी गप्प बसले. माझ्यासारखीला गप्प बसणं किती जड जातं ते माझं मलाच माहीत.

बैठकीला तिला बोलावलं. मंडळाचे सात सभासद, चहा, पितळेची पाटी मध्ये टेबलावर. अध्यक्षांनी वाचनालयाच्या वैभवाबद्दल बरंच सांगितलं आणि सहीचा कागद तिच्यापुढे सरकवला. ताईने पाटी वाचली, तशीच बोट ठेवून. मग अध्यक्षांकडे बघितलं.

“साहेब, तुमच्या अंगातला शर्ट मी शिवलाय. खांद्याची शिवण माझी आहे, मी ओळखते. कॉलर उलटून बघा, तिथे कुणाचं नाव आहे.”

अध्यक्षांचा हात खरंच मानेकडे गेला. डॉक्टर सभासद खिडकीबाहेर बघायला लागले.

“तीस वर्षं दुसऱ्यांची लेबलं लावली,” ताई म्हणाली. “पोट होतं, लावली. ह्याला लावणार नाही. गणवेश नाही दिलेत तरी चालेल.”

माझा ऊर असा भरून आला की मला उठून उभं राहावंसं वाटलं.

अध्यक्ष लाल झाले. ठीक आहे, मग उद्या सकाळी ते गाठोडं खाली उतरवा आणि घेऊन जा, म्हणाले. आता मात्र मी तोंड उघडलं. कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, मुदतीला अजून सहा आठवडे आहेत. मुदतीआधी परत मागायचा हक्क ज्याची वस्तू त्याचा, आणि ताईने मागितलेली नाही. मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची मागणी नसेल तर वाचकाला ती वाढवून मिळते. नियम मागे छापलेत, सही पुढे तुमची आहे.

“मागणी माझी आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“तुमची मागणी भिंतीची आहे,” मी म्हटलं. “भिंती आम्ही घरी नेऊ देत नाही.”

डॉक्टर हसले, मग बाकीचेही हसले, आणि बैठक तिथेच मोडली. दुसऱ्या दिवशी मला खुलासा मागणारं पत्र आलं. मी एका ओळीत उत्तर दिलं, कार्डाची नक्कल जोडली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईला कसली भीती घालता?

पण ज्याला समोरून जमत नाही तो मागून येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कापड जागेवर, पुठ्ठ्याची पाटी गायब. शिपाई माझ्याकडे बघेना. मी नवी पाटी लिहिली. ती दोन दिवस टिकली. आणखी एक लिहिली, तीही गेली. दोन वाजता ताई आली आणि रिकाम्या जागेपुढे उभी राहिली. मी तिला म्हटलं, मी शंभर पाट्या लिहीन, बघू कोण थकतं. ती तशीच निघून गेली. मला वाटलं, खचली बिचारी. आता येईल आणि कापड मागून नेईल, आणि मला ते द्यावं लागेल. नियम मीच बैठकीत सांगितला होता.

पंधरा मिनिटांत ती परत आली. हातात सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ. शिडी द्या, म्हणाली.

वाचनकक्ष भरलेला होता. अध्यक्षही होते, त्या दिवशी नेमके वर्तमानपत्र चाळत बसलेले. मी शिडी लावली आणि धरून उभी राहिले. ताई चढली आणि आकाशाच्या मधोमध, मुलीच्या गणवेशांवर, चार बोटं उंच अक्षरांत स्वतःचं नाव शिवायला लागली. पाऊण तास लागला. कुणी पान उलटलं नाही. प्रत्येक अक्षर दुहेरी टाक्याने शिवलं, प्रत्येकाच्या शेवटी गाठ मारली. दोरा दातांनी तोडला आणि शिडीवरूनच, कुणाकडेही न बघता, म्हणाली,

“आता उसवून दाखवा म्हणावं.”